सोसायटीचा ख्रिसमस आणि आपला नाताळ

पेठेतली_करंजी
जय ख्रिस्त. बाकीच्यांना नमस्कार.

नोव्हेंबर संपायच्या आतच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ख्रिसमसचा बेत ठरला. (पुण्यात खराडीची बाजू, नाव नको.) २४ ला संध्याकाळी क्लबहाउस, सांता, डीजे, मुलांचे खेळ, लाल कपड्यांना बक्षीस. एवढ्या मोठ्या सोसायटीत ख्रिस्ती घरं दोनच, आम्ही आणि एक मंगळुरी कुटुंब. त्यामुळे मला मानाने विचारणा झाली, "ताई, सांताचा ड्रेस तुमच्याकडे असेलच ना?"

नव्हता. मी म्हटलं, त्याऐवजी पाच मिनिटं द्या. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला येशूच्या जन्माचा उतारा मराठीतून वाचते, मुलं एक गीत म्हणतील, मग लावा डीजे. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. नंतर निरोप आला, "रिलिजियस नको ना करायला, सगळ्यांसाठी फन ठेवूया." गणपतीत त्याच क्लबहाउसात दोन वेळा आरती होते. व्हावीच. फक्त तेव्हा हा मुद्दा कुणाला सुचत नाही.

रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. सोसायटीला बोल लावणं सोपं आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत तरी डिसेंबरात काय चालतं? रंग, पडदे, कपडे, शंकरपाळ्यांचे घाणे, कुणाकडे किती डबे पोचवायचे त्याची यादी. प्रभूचं नाव निघतं ते २४ च्या रात्री, तेही उपासनेला उशीर होतोय म्हणून.

तर विचारायचंय ते एवढंच : नाताळ ख्रिस्ताचा राहावा म्हणून तुमच्या घरी नेमकं काय करता? "अंतःकरणाची गव्हाणी करा" हा संदेश दरवर्षी ऐकतो. करण्याजोगं काही सांगा.

कॅम्पात_हरवलेला
रुमाल टाकून ठेवतो. २४ ला संध्याकाळी एम. जी. रोडला या आणि लाल टोप्यांच्या गर्दीत चर्चला निघालेला माणूस ओळखून दाखवा. खरी शिस्त आणि श्रद्धा बघायची तर कयानी बेकरीच्या रांगेत.

उगाच_एक
मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. समितीचं वागणं बरोबर नव्हतंच, पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट लक्षात घ्या. मॉलमध्ये, शाळेत, ऑफिसात त्यांनी फक्त सांता पाहिलाय. यात कुणाचा तरी देव आहे हे त्यांच्या गावीही नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो म्हणून मला मेंढपाळ तरी ठाऊक. (नाटकात मी मेंढपाळच होतो. घोंगडी खऱ्या धनगराकडून आणलेली, वासासकट.)

आणि ही तक्रार काही तुमची एकट्यांची नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून आम्हीही स्पीकरच्या भिंतींबद्दल हेच बोलत असतो.

पेठेतली_करंजी
@उगाच_एक, खरंय, त्यांना माहीतच नाही. म्हणून तर पाच मिनिटं मागितली होती.

नानापेठी
"रिलिजियस नको" वाचून गंमत वाटली. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक, रानडे, गोखले यांच्यासकट बऱ्याच मंडळींवर ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकण्याचा खटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज त्याच पुण्यात शेजारी हक्काने आपल्याकडून केक मागून नेतात. म्हणजे आपला चहा चालतो, केक चालतो, सांता तर धावतो. अडतं ते फक्त ज्याच्यामुळे हे सगळं आहे त्याच्या नावापाशी.

आणि आपण काही काल आलेले नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. आमच्या पंचहौदचं होली नेम चर्च १८८५ चं, बाजूला वेगळा उभा मनोरा आणि त्यात आठ घंटा. पेठेत नाताळ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खराडीत लागणार, तिथे सगळेच नवे.

वचनवेडा
धागाकर्तीचा हेतू चांगला आहे, पण मूळ प्रश्नच चुकलाय. पवित्र शास्त्रात २५ डिसेंबर कुठे आहे? जन्मदिन साजरा करा असं प्रभूने किंवा प्रेषितांनी कुठे सांगितलं? स्मरण करायला सांगितलं ते मरणाचं, प्रभुभोजनातून. आमची मंडळी नाताळ पाळत नाही. जे मुळातच माणसांनी घातलंय, त्याच्या मध्यभागी ख्रिस्त शोधायचा कशाला?

कॅम्पात_हरवलेला
आले. दरवर्षी याच सुमाराला येतात, ताऱ्यासारखे.

खडकीकडचा
@वचनवेडा, तारखेचं तुमचं बरोबर आहे. शुभवर्तमानात तारीख नाही. २५ डिसेंबरला जन्मोत्सव ही नोंद चौथ्या शतकातल्या रोमची. आणखीही सांगतो, तुम्हाला आवडेल : लूकमध्ये बैल आणि गाढव नाहीत. मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असं मत्तय म्हणत नाही, आणि त्याच्याकडे ते येतात ते घरात, गोठ्यात नाही.

पण बंदी घालूनही पाहिलेलं आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, आग्रहाने नाताळ रद्द केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडात त्यावरून दंगे झाले, आणि राजेशाही परत आली तसा सणही परत आला. सण काढून टाकल्याने लोक जास्त भाविक झाले असं काही दिसत नाही. तुमची मंडळी पाळत नाही, त्याबद्दल आदर आहे. पण आम्ही पाळतो, तर तो नीट कसा पाळायचा हा प्रश्न आमच्यापुरता खराच आहे.

वचनवेडा
दंगे झाले यावरूनच कळतं की लोकांना काय हवं होतं. असो. मी वाचतोय.

गव्हाणीवाली
माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, नेवाशाकडचं. थोडं लांबेल, पण करंजीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला गावच्या नाताळातच सापडतं.

गावात चर्च म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे ओटा. वस्तीतली बहुतेक घरं महार-मांग समाजातून ख्रिस्ती झालेली. आजी शेतमजूर. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा महिना, त्यामुळे सणाच्या तयारीला वेळ नाही आणि पैसा तर नाहीच. तयारी म्हणजे रात्रीची भजनं. रोज कुणाच्या तरी दारात मंडळी जमायची. पेट्रोमॅक्स, पेटी, ढोलकी, टाळ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं, आणि काही गावातच कुणी रचलेली, त्यात यमक जुळवायला बेथलेहेमचं काय काय केलेलं असायचं! उतारा वाचायला शाळेत जाणारं पोर, कारण मोठ्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. मग कोरा चहा.

एक नियम होता. ज्या घरात भांडण चालू असेल त्या घरी भजन आधी न्यायचं. दोन भावांत बांधावरून अबोला असेल तर तो नाताळाच्या आत मिटवायचा, नाहीतर प्रभुभोजनाला शेजारी बसणार कसे? पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. हे सगळं बघायच्या त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका, आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालायचं नाही.

आजीला गव्हाणीचं कौतुक नव्हतं. आम्ही शहरात थर्माकोलची करतो, वर चमकी लावतो. तिला ती शेणामुतासकट माहीत होती. उतारा संपला की ती हमखास विचारायची, "पण सुईण कोण होती गं?" कुणाकडे उत्तर नसायचं. सराईत जागा नाही म्हणून बाहेर काढलेलं जोडपं, आणि पहिली खबर कुणाला, तर रात्री रानात राखण करणाऱ्यांना. ज्यांना गावाने पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवलं त्यांना याचा अर्थ फोडून सांगावा लागला नाही. लूकच्या पहिल्या अध्यायातलं मरियेचं गीत तिला तोंडपाठ होतं. सत्ताधीश आसनावरून खाली, भुकेलेले तृप्त, धनवान रिकाम्या हाताने परत. ते म्हणताना ती पाटलाच्या वाड्याच्या दिशेने बघायची असं आई सांगते. आईचं सगळंच खरं धरू नका.

म्हणून ताई, माझं म्हणणं, २४ तारखेसाठी भांडू नका. ती बाजाराने कधीच नेली. पण त्याच्या आधीचे चार आठवडे अजून कुणी नेलेले नाहीत. आगमनकाळात मॉलवाल्याला विकण्यासारखं काही सापडलेलं नाही, कारण तो वाट बघण्याचा काळ आहे. पुण्यात आम्ही काही घरं मिळून आगमनाच्या प्रत्येक रविवारी संध्याकाळी एकाच्या घरी जमतो. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त, एक उतारा, दोन-तीन पदं, चहा आणि बिस्किटं. बिस्किटांच्या वर काही करायचं नाही हा नियम बायकांनी घातला, नाहीतर त्याचीही मेजवानी झाली असती आणि आम्ही ओट्यापाशीच राहिलो असतो. अबोल्याचा नियमही आणलाय. तो बिस्किटांच्या नियमाइतका सहज पाळला जात नाही. गेल्या वर्षी एका दारापर्यंत जाऊन बेल न वाजवता परत आलो.

नानापेठी
हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

उगाच_एक
सुईणीचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

वसईची_सून
गव्हाणीवाली, आमच्या कॅथलिक घरांत आगमनकाळ असतो, पण नावापुरता राहिलाय. वेदीवर जांभळं वस्त्र, तिसऱ्या रविवारी गुलाबी, पापनिवेदनाच्या रांगा, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आणि घरी मात्र १ डिसेंबरपासून झाड उजळलेलं. वाट कसली बघायची, सगळं आधीच हजर!

सासूबाईंनी वसईतून आणलेली एक पद्धत पुण्यात टिकवलीय. गोठा लवकर मांडायचा, पण गव्हाणी रिकामी. शेजारी गवताची वाटी. कुणी कुणासाठी काही केलं, न सांगता केलं, की एक काडी गव्हाणीत ठेवायची. बाळ येईल तेव्हा त्याला मऊ लागलं पाहिजे. बाळ ठेवतात मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) परत आल्यावर, घरातल्या सगळ्यात लहानाच्या हाताने. मुलं काड्यांवरून भांडतात, एकमेकांच्या काढून टाकतात, सगळं होतं. पण आठवडा-दोन आठवडे घरात गव्हाणीचा विषय चालू राहतो. केकचा नाही.

गोठा मांडायची प्रथा लोकप्रिय झाली ती संत फ्रान्सिस असिसीकरांमुळे. १२२३ मध्ये ग्रेचो गावात त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून मिस्सा करवली. (@खडकीकडचा, बैल-गाढवाचा दोष त्यांच्यावर टाका, ते घेतील.) त्यांना शोभा करायची नव्हती. प्रभू किती गैरसोयीत जन्मला ते गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावं हा हेतू होता.

दुसरं म्हणजे, २६ ला सगळं आवरू नका! चर्चच्या हिशोबाने नाताळ २५ ला सुरू होतो, संपत नाही. ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस आहेत. आमच्याकडे डबे पोचवणं, आजाऱ्यांना भेटणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवायला बोलावणं हे त्या दिवसांत ठेवलंय. त्यामुळे २४ च्या आधीची धावपळ निम्म्याने कमी होते, आणि ३० डिसेंबरला आलेल्या डब्याची किंमत २४ ला आलेल्या नवव्या डब्यापेक्षा जास्त असते.

खडकीकडचा
मेणबत्त्यांवरून आठवलं. आगमनाच्या मेणबत्त्यांचं चक्र जर्मनीतल्या एका पाळकांचं, योहान विखर्न. हॅम्बुर्गला त्यांनी गरीब मुलांसाठी घर चालवलं होतं. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी? म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या : रोजच्या दिवसाला छोटी, रविवारला मोठी. म्हणजे ही मुळात अनाथालयातली सोय आहे, ऑनलाइन मिळणारं सजावटीचं सामान नव्हे.

शंकरपाळे_समर्थक
एक मिनिट. धाग्यात मैदा विरुद्ध मरिया असं काहीतरी चाललंय, त्याला माझा निषेध. माझी आई आयुष्यभर प्रार्थना सभेत तोंड उघडून बोलली नाही. तिची प्रार्थना म्हणजे करंज्या. चाळीत प्रत्येक दाराला ताट, कुणी कुठल्याही जातीचा असो, दारूडा असो, आमच्याशी भांडलेला असो. ताट घेऊन मी जायचो, आणि "येशूच्या जन्माचं आहे" एवढं म्हणायचं अशी सक्त ताकीद. नुसतं "घ्या" म्हटलं तर परत पाठवायची.

तेव्हा फराळ कमी करा म्हणणाऱ्यांनी आधी बघा, घरात कोण तळतंय आणि कोण आध्यात्मिक चिंतन करतंय. रविवारच्या सभेत बिस्किटं ठेवणं मात्र आवडलं. बाकी दिवशी पुरुषांनी घाणा काढावा, मग बोलू.

गव्हाणीवाली
@शंकरपाळे_समर्थक, घाण्याच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. "येशूच्या जन्माचं आहे" हे मी चोरणार.

दोन_पोरांचा_बाप
व्यावहारिक शंका. सांताचं काय करायचं? मोठीला शाळेत सांगितलंय की तो आहे, संडे स्कूलच्या टीचरने सांगितलंय की नाही. ती मला विचारते. मी आतापर्यंत तिला आईकडे पाठवत आलोय.

खडकीकडचा
हाकलू नका, त्याचं मूळ नाव सांगा. मायरा नावाच्या शहराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, चौथ्या शतकातला बिशप निकोलस. त्याच्याबद्दलची सगळ्यात प्रसिद्ध आख्यायिका आपल्या पोरांना फोड करून सांगावी लागत नाही : एका बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, मुली विकल्या जायची वेळ. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, आणि नाव कळू दिलं नाही. त्याचा सण ६ डिसेंबरला. त्या दिवशी गोष्ट सांगा, आणि मुलांकडून कुणाला तरी नाव न सांगता काहीतरी द्यायला लावा. मुलगी पुन्हा विचारेल तेव्हा म्हणा, होता, बिशप होता, आणि तो स्वतः ख्रिस्तापुढे गुडघे टेकायचा. लाल कोट, गुबगुबीत पोट हे सगळं एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं.

कॅम्पात_हरवलेला
हुंड्याची गोष्ट सोसायटीच्या डीजेच्या आधी सांगा. काही काकांचे चेहरे बघण्यासारखे होतील.

घाटावरचा_निधर्मी
कुणाच्याच धर्माचं सोसायटीत काही नको, आरती पण नको आणि लूक पण नको. संपला प्रश्न.

नानापेठी
@घाटावरचा_निधर्मी, तो ठराव सर्वसाधारण सभेत मांडा आणि काय होतं ते इथे कळवा. वाट बघतोय, आगमनकाळच आहे.

पेठेतली_करंजी
सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताजी खबर. समितीला पुन्हा विचारलं नाही. २४ ला मुलांना क्लबहाउसात पाठवीन, नाचू देत, आणि आम्ही तिथूनच उपासनेला जाऊ. येत्या रविवारी संध्याकाळी मात्र आमच्याच घरी मराठीतून वाचन आणि पदं ठेवलीयत. मंगळुरी कुटुंब येतंय, ते कोंकणीतून एक म्हणणार. ग्रुपवर साधं निमंत्रण टाकलं : "येशूच्या जन्माची गोष्ट, आमच्या घरी, चहा-बिस्किटं." तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लगेच फोन केला की भजन आहे का, असेल तर माझे टाळ आणते. "रिलिजियस नको" लिहिणारे येतील का माहीत नाही, त्यांच्या बायकोने अंगठा दाखवलाय.

उतारा नेमका कुठून कुठवर वाचू? आणि नवख्या लोकांसमोर काही वगळावं का?

गव्हाणीवाली
लूक २, पहिल्या ओवीपासून विसापर्यंत. (ओवी लिहिलं, वचन म्हणायचं होतं. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण ओव्यांतच केलं, तेव्हा चालेल.) मेंढपाळ परत कामाला जातात तिथे थांबा. आणि जमलं तर मरियेचं गीत आधी.

वचनवेडा
मत्तय २ पण घ्या. बाळांना मारायला लावणारा हेरोद राजा वगळू नका. त्याच्याशिवाय ती गोष्ट गोड होते, आणि ती गोड नाही. रातोरात मिसरला पळालेलं कुटुंब आहे ते.

दोन_पोरांचा_बाप
लहान मुलं असतील तर हेरोद जरा जड नाही का?

उगाच_एक
अजिबात नाही. आमच्या नाटकात सगळ्यांना हेरोदच व्हायचं होतं, म्हणून तर मी मेंढपाळ राहिलो. करंजीताई, बाहेरच्यांना यायला चालतं का? मी विमाननगरला असतो.

पेठेतली_करंजी
@उगाच_एक, या की. सातला. गेटवर माझा फ्लॅट नंबर सांगा, व्यक्तिगत निरोपात कळवते. येताना ढोलकी वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर बघा, आमचा ढोलकीवाला त्या रविवारी लग्नाला चाललाय.